हात शिरेल एवढी फट

३ फेब्रुवारी

ढब्बे,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चल. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि मुद्दा तेवढा राहतो. कागद मध्ये तोंड घालत नाही.

तर मुद्दा. आपल्या स्टेशनच्या मालधक्क्यावर तुझ्या रेल्वेने नोटीस डकवली आहे. मालधक्क्याचा रूळ बरीच वर्षं वापरात नाही, म्हणून मार्चअखेर तो उखडून नेणार. वापरात कसा असेल? डबे देणं तुम्हीच बंद केलंत. पोराला वाढायचं नाही आणि मग म्हणायचं, याला भूकच नाही, ताट उचला.

तू इथे होतीस तेव्हाचं आठव. कोबी सगळ्यांचा एकदम तयार होतो, तो काही रांगेत उभा राहत नाही. गावात ट्रक म्हणजे आपल्या दादाचे चार. बाहेरचे येतात ते त्यांच्या मर्जीने. गेल्या हंगामात शिवारातला अर्धा कोबी बांधावर पिवळा पडला आणि आम्ही तो नांगराखाली घातला. दादाला बोल लावत नाही, त्याचे ड्रायव्हर एका हाताने जेवत होते आणि एका हाताने गाडी चालवत होते. पण चार ट्रकांनी असे किती गड्डे न्यावेत?

म्हणून यंदा मी गटातल्या बायकांना म्हटलं, लावा दुप्पट, माल न्यायचं माझ्याकडे लागलं. कशाच्या जोरावर म्हणालीस असं विचारशील. तुझ्या. आपली धाकटी रेल्वेच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात बसते आणि आपण बांधावर कोबी कुजवतो, हे मला पटत नाही. बायकांनी माझ्या शब्दावर लावलाय आणि आता पिकाने अंग धरलंय.

रूळ एकदा गेला की परत कुणी टाकत नाही. मी गटाची अध्यक्ष झाले ती दुसरं कुणी हो म्हणालं नाही म्हणून. पण झाले आहे ना, मग माझ्या डोळ्यांदेखत रूळ जाणार नाही. काय करता येईल ते लिही. काही करता येणार नाही असं लिहू नकोस, ते स्टेशनमास्तरांनी आधीच सांगितलंय.

दादाला यातलं काही बोललेले नाही. ट्रकवाल्याच्या घरातून तू रेल्वेत लागलीस त्या दिवसापासून तो तुझ्याशी बोलत नाही, तू त्याच्याशी बोलत नाहीस, आणि तुमची टपाल मी वाहते. या वेळी टपाल बंद.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ताई,

तुझी नोटीस वाचली. म्हणजे आमची तुझ्याकडची आणि तुझी माझ्याकडची, दोन्ही.

आमच्या साहेबांना पूर्ण गाडी लागते. एका ठिकाणी भरायची, एका ठिकाणी रिकामी करायची, मध्ये कुणी शिंकलेलंही चालत नाही. सिमेंट, कोळसा, खत. लहान स्टेशनांना ते खिशातली चिल्लर म्हणतात, आणि चिल्लरीने खिसा फाटतो म्हणतात. मी त्यांच्यापुढे जाऊन म्हटलं, साहेब, खताची गाडी दर आठवड्याला जंक्शनला खत उतरवते आणि येताना माझ्या माहेरासमोरून रिकामी खडखडत येते. एवढी हवा भरून आणण्यापेक्षा त्यात कोबी आणला तर?

ते म्हणाले, हवा सडत नाही.

मी दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. शेवटी मला टाळायला त्यांनी जेवणाची वेळ बदलली, तेव्हा मीही माझी बदलली. त्यातून एक डबा मिळालाय. बंद छपराचा, दोन्ही बाजूंना सरकती दारं असलेला. येत्या गुरुवारी, सतरा तारखेला, खताची गाडी तुमच्याकडे थांबून तो मालधक्क्याला लावेल, तुम्ही भरायचा, आणि जंक्शनचं इंजिन संध्याकाळी येऊन घेऊन जाईल. माल चांगला पोचला तर हंगामभर दर गुरुवारी डबे. नाही पोचला तर रूळ उखडणार, आणि पुन्हा हा विषय त्यांच्या कानावर घालायचा नाही. हे मला कबूल करावं लागलं.

कोबी कसा भरायचा ते मी तुम्हाला शिकवावं एवढी काही मी शहाणी नाही. तुमच्या भरणीला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. फक्त दादाला यातून लांब ठेव. डबा आला की त्याच्या ट्रकांचं काय होईल ते त्याला न सांगता कळतं.

ढब्बू


१८ फेब्रुवारी

ढब्बे,

गेला. काल संध्याकाळी डबा गेला.

तुमच्या कागदांत या डब्याला वाघीण म्हणतात असं मास्तर म्हणाले. आली तेव्हा मांजरासारखी गुपचूप आली, बाहेर गंज, आत खताची पूड. आम्ही झाडली, पुसली. मग बायका आणि हमाल मिळून ओळ लावली आणि गड्डे हातोहात आत. ढब्बे, अशी भरणी मी जन्मात पाहिली नाही. तळापासून छपरापर्यंत. बोट घालायला जागा नाही, सुई घालायची तर कोबीला विचारावं लागेल. एका जाणकाराने लक्ष घातलं होतं. कोण ते विचारू नकोस, तुला तुझी कामं आहेत.

मास्तरांनी झेंडी धुवून इस्त्री करून आणली होती. मग दार ओढून सील केलं. मी अध्यक्ष म्हणून दोन शब्द बोलायला पुढे झाले आणि म्हटलं, चला, घरी कामं पडलीत.

पोचल्याचं लगेच कळव.

ताई


२३ फेब्रुवारी

ताई,

पोचला.

शुक्रवारी आला, शनिवार-रविवार यार्डात उन्हात उभा राहिला, कारण आमच्याकडे सुट्टीला डबे उघडत नाहीत. सोमवारी मी साहेबांना मुद्दाम सोबत घेऊन गेले. कोबी बघून त्यांचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. बघितलं. दार सरकवलं आणि आतून वाफ आली. कोबी उकडून निघाला होता, खालच्या थरांतून पाणी गळत होतं. वास यार्ड ओलांडून तिकीट खिडकीपर्यंत गेला. हमालांनी दुप्पट हजेरी मागितली आणि तरी नाकाला फडकी बांधून काम केलं. ऑफिसात आता माझं नाव कोबीबाई. चहावालासुद्धा मान खाली घालून हसतो.

साहेबांनी एवढंच म्हटलं, "मी म्हटलं होतं, हवा सडत नाही." आता ऐक. ज्याने डबा घाण केला त्याने तो धुवायचा, असा नियम आहे. तो तुमच्याकडे परत येतोय. स्टेशनमास्तरांनी "वास नाही" असं लिहून दिलं की पहिल्या गाडीने इकडे आणायचा. आणि रूळ उखडणारी टोळी मार्चअखेरपर्यंत थांबणार नाही, पहिल्या आठवड्यातच येईल. साहेबांना आता उत्साह आलाय.

तुझा जाणकार कोण ते मी विचारणार नाही. मला माहीत आहे. मी स्वतः वरचे थर बघितले, कुजायच्या आधी कसे लावले होते ते दिसत होतं. देठ आतल्या बाजूला, एक थर उजवीकडून, पुढचा डावीकडून. लहानपणी अंगणात ट्रक भरताना मी हे शंभर वेळा पाहिलंय. गावात असे थर एकच माणूस लावतो.

चार ट्रक वाचवायला त्याने सगळ्या गावाचा माल कुजवला. तुला फसवलं, मला तोंडघशी पाडलं. आपलेच दात, आपलेच ओठ असं मनाशी म्हणून मी आजवर गप्प बसले. आता त्याला सांग, त्याचा जय झाला. माझ्यापुढे त्याचं नाव काढू नकोस.

ढब्बू


५ मार्च

ढब्बे,

तुझं पत्र वाचून मी ते पिठाच्या डब्यात ठेवलं आणि दोन दिवस पोळ्या शेजारणीकडून आणल्या. आता राग उतरलाय, म्हणून लिहिते.

हो, दादाच होता. पण तू समजतेस तसं नाही.

त्या दिवशी आम्ही भरायला सुरुवात केली तेव्हा तो बोलावल्याशिवाय आला. मालधक्क्याच्या कठड्यावर बसला आणि बघत राहिला. मला वाटलं, आता टोमणा मारेल. थोड्या वेळाने उठला, धुतलेला शर्ट काढून खुंटीला लावला, चपला बाहेर काढल्या आणि डब्यात चढला. चपला काढल्या, ढब्बे. म्हणाला, "रेल्वे जगो नाहीतर मरो. पोरीच्या ऑफिसात आपल्या घरचा माल असा विस्कटलेला जायचा नाही." पोरीच्या म्हणाला. मग संध्याकाळपर्यंत एकेक गड्डा त्याने स्वतःच्या हाताने बसवला. ट्रक जसा भरतो तसाच, त्याहून जास्त मनापासून. तुला सांगायचं नाही ही त्याचीच अट होती.

आणि तिथेच आम्ही सगळे फसलो. ट्रक वरून उघडा असतो. कितीही दाबून भरला तरी वारा लागतो, आणि रात्रीत बाजारात पोचतो. आमच्याकडे चांगली भरणी म्हणजे घट्ट भरणी, दुसरी आम्हाला माहीतच नाही. बंद डब्याला ती कशी चालेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अति तिथे माती, ते हे. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं नाही, पण डबा परत आला तेव्हा वास त्याने घेतलाच. त्या दिवसापासून तो जेवायला बसतो आणि उठतो, मध्ये काही होत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस एवढंच सांगते.

आता डब्याचं ऐक. आम्ही धुतोय. परवा टोळी आली, पहारी, पाने, ट्रॉली सगळं घेऊन. मुकादम म्हणाला, डबा हलवा, रूळ काढायचाय. मास्तर म्हणाले, वास जाईपर्यंत डबा हलवता येत नाही. मुकादम म्हणाला, मग सांगा वास गेला. मास्तरांनी डब्यात डोकं घातलं, लांब श्वास घेतला, बाहेर आले आणि म्हणाले, "अजून येतोय."

मास्तरांचं नाक तुला माहीत आहे. तपकीर ओढून ओढून त्यांना केरोसीन आणि अत्तर यांतला फरक कळत नाही. त्यांच्या घरात दूध करपलं तर शेजारी धावतात. ते रोज सकाळी येतात, डोकं घालतात आणि मान हलवतात. टोळी कठड्यावर बसून पत्ते खेळते. बायका रोज नवी बादली घेऊन येतात.

डबा किती दिवस धुता येतो, याचा काही नियम आहे का?

ताई


११ मार्च

ताई,

तुझं पत्र मी जिन्यात वाचलं आणि तिथेच खाली बसले. आधी दादाचं वाचून बसले, मग मास्तरांचं वाचून हसत बसले. लोकांना वाटलं मला काही झालं.

नियम मी शोधला. "डबा दुर्गंधीमुक्त होईपर्यंत" असं आहे. किती दिवसांत ते नाही, आणि कुणाच्या नाकाने तेही नाही. साहेबांनी मास्तरांना तीन वेळा विचारणा पाठवली. तिन्ही वेळा उत्तर आलं, "काम चालू आहे." मास्तरांच्या नोकरीत एवढं काम कधी चालू नव्हतं. चौथी विचारणा जरा तिखट आहे, सांभाळा.

पण ताई, धुऊन धुऊन किती धुणार? एप्रिल लागला की तुमचा उरलेला सगळा कोबी एकदम तयार, आणि धुतलेल्या डब्याने तो कुठे जात नाही. दुसरा डबा मला मिळणार नाही. मागायलाही गेले होते, पण ते जाऊ दे. मला आता नवी जागा मिळाली आहे, खिडकीजवळची. खिडकीतून सगळं यार्ड दिसतं. काम हलकं आहे. काळजी करण्यासारखं काही नाही.

दादाला सांग की… नको, काही सांगू नकोस. तुझ्या टपालातून जाण्यासारखं ते नाही.

ढब्बू


२३ मार्च

ढब्बे,

खिडकीजवळची जागा मिळाल्याबद्दल अभिनंदन. दादाचा ड्रायव्हर परवा तुमच्या बाजारात माल घेऊन आला होता. त्याने तुला त्या खिडकीत पाहिलं, हरवलेल्या सामानाच्या खोलीत, छत्र्यांच्या ढिगामागे. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुझी लहानपणापासूनची आहे. आमच्या कोबीपायी तुला छत्र्या मोजायला बसवलं, आणि तू मला यार्ड दिसतं म्हणून लिहितेस. यावर मी रडणार नव्हते, पण रडले. मग ड्रायव्हरने हे दादालाही सांगितलं.

 दादा भर दुपारी मालधक्क्यावर गेला, धुतलेल्या डब्यात चढला आणि हमालांना म्हणाला, दारं लावा, मी ठोकल्याशिवाय उघडू नका. आम्ही बाहेर उन्हात उभे. मुकादमानेसुद्धा पत्ते खाली ठेवले. बराच वेळ आतून आवाज नाही. मी म्हटलं उघडा, कुणी ऐकेना. शेवटी ठोकलं तेव्हा तो घामाने निथळत बाहेर आला. पाणीही मागितलं नाही, खडू मागितला.

तो म्हणाला, "छपराखाली कोपऱ्यांत जाळीच्या चार खिडक्या आहेत. वारा तिथून येतो आणि दारांच्या फटींतून जातो. मी कोबी छपराला भिडवला आणि त्या खिडक्या माझ्या हातांनी बुजवल्या." मग डब्याच्या बाहेरच्या फळीवर त्याने खडूने आखून, लिहून दिलं. गड्डे जाळीच्या खाली हातभर थांबायचे. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत मधून बोळ सोडायचा. थप्प्यांच्या मध्ये लाकडी पट्ट्यांचे खोके, म्हणजे माल सरकणार नाही. बाहेरची पानं काढायची नाहीत. आणि थरांत हात शिरेल एवढी फट ठेवायची. हात, बोट नव्हे.

हमालांना हे पटवणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवणं. बाप्यांनी जन्मभर ज्याची लाज बाळगली तेच करायला सांगितलं. एक म्हणाला, ही भरणी आहे का, उंदरांचं लग्न लागेल आत. दादाने नमुन्याला चार थर लावले, त्याचा हात धरून फटीत कोपरापर्यंत घातला आणि म्हणाला, "वारा लागतो? मग उद्या गप्प भर."

कुठला डबा, असं विचारशील. हाच. मास्तर उद्या लिहून देणार आहेत की वास गेला. त्यानंतर डबा तुमच्याकडे धाडायचा असा तुमचाच नियम. तो रिकामा धाडायचा असं कुठे लिहिलंय? मालधक्का अजून तुमच्या दप्तरी चालू आहे आणि माल घ्यायचा अधिकार मास्तरांना आहे. मास्तर म्हणतात, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत, एखादी तरी गोष्ट अंगावर घेऊन जाऊ दे. चौथ्या विचारणेला त्यांनी उत्तरच दिलं नाही.

डबा हलला की रूळ मोकळा, आणि टोळी तयार बसली आहे. तू हीच भीती घातली असतीस, म्हणून आधीच सांगते. दादाचा जुना ट्रक आज दुपारी मालधक्क्यापाशी बंद पडला. डब्याच्या मागे, रुळावर आडवा. त्याची चाकं दुरुस्तीला काढली आहेत, ट्रक दगडांवर बसलाय. दुरुस्तीवाला कधी येईल ते सांगता येत नाही, कारण त्याला बोलावलेलं नाही. चाकं आपल्या अंगणात आहेत, मी त्यांच्यावर मिरच्या वाळत घातल्यात.

मुकादम दादाला म्हणाला, "अहो, रूळ गेला तर तुमच्याच ट्रकांचा फायदा, तुम्हाला कळत नाही का?" दादा म्हणाला, "कळतं. बहीण छत्र्यांत बसली आहे तेही कळतं."

उद्या भरतो, आणि हे पत्र दादाचा ड्रायव्हर हातोहात तुला आणून देईल. शुक्रवारी तुझ्या खिडकीसमोर येईल. तुझ्याकडे आता टेबल नाही, अधिकार नाही, हे माहीत आहे. तरी या वेळी सुट्टीआधी दार उघडायचं तुझ्याकडे लागलं.

ताई


२९ मार्च

ताई,

शुक्रवारी दुपारी खिडकीतून डबा दिसला. खडूचं अक्षर फळीवर तसंच होतं, दादाचा मोठा "फट ठेवा" लांबून वाचता येत होता. मी छत्र्यांची खोली बंद केली, दाराला "येते" अशी पाटी लावली आणि यार्डात गेले.

यार्डाचा माणूस म्हणाला, सोमवारी उघडू. मी म्हटलं, या डब्यात माझं हरवलेलं सामान आहे आणि हरवलेल्या सामानाची मी प्रमुख आहे, मुख्य म्हणजे एकटीच आहे.  तेवढ्यात साहेब स्वतः आले, कुणीतरी वर्दी दिली होती. रुमाल आधीच नाकाला. मागे अर्धं ऑफिस, कोबीबाईची दुसरी फजिती बघायला. बाजाराचे दोन खरेदीदारही होते, त्यांना दादाच्या ड्रायव्हरने सांगून ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, "हा डबा रिकामा यायचा होता."

मी म्हटलं, "नियमात स्वच्छ यायचा होता, साहेब. वास घेऊन बघा."

मी स्वतः दार ओढलं. जड होतं, कुणी पुढे झालं नाही, मग एक हमाल आला.  दार सरकलं. बोळ दिसला, आरपार, पलीकडच्या दाराच्या फटीतून उजेड येत होता. गड्डे हिरवेगार, बाहेरच्या पानांसकट. मी हात घातला, कोपरापर्यंत गेला. आत गार होतं. मी तिथेच हात घालून उभी राहिले, काढवेना.

साहेबांनी रुमाल बराच वेळ धरला. मग हात दुखला असावा, त्यांनी तो खाली घेतला. खरेदीदाराने एक गड्डा फोडला, एक पान खाल्लं आणि साहेबांना विचारलं, "पुढचा डबा कधी?"

साहेब म्हणाले, "एका डब्याने काही सिद्ध होत नाही."

मी म्हटलं, "मग दर गुरुवारी सिद्ध करू. तुमच्या हवेऐवजी."

अर्धं ऑफिस हसलं, आणि या वेळी माझ्यावर नाही. साहेब निघून गेले. पण काल हुकूम निघाला. पुढच्या आठवड्यापासून हंगाम संपेपर्यंत दर गुरुवारी दोन डबे, रूळ तोपर्यंत उखडायचा नाही. पुढचं पुढे. मला छत्र्यांतून हलवलेलं नाही. हलवायला आले तरी मी जाणार नाही, इथून प्रत्येक डबा दिसतो. आणि कोबीबाई म्हटलं की मी आता ओ देते.

मास्तरांना सांग, त्यांचं नाक सगळ्या खात्यात चांगलं आहे.

शेवटची ओळ दादासाठी. ती तू सांगू नकोस, हा कागदच त्याच्यापुढे धर. दादा, दार उघडलं तेव्हा कसलाच वास आला नाही.

ढब्बू


८ एप्रिल

ढब्बू,

मला पत्राची सवय नाही. ट्रकच्या मागे लिहितो तेवढंच माझं लिखाण. ताईने तुझा कागद पुढे धरला. शेवटची ओळ मी दोनदा वाचली, चष्मा नव्हता म्हणून.

तुमचा हुकूमही आला. मुकादमाने दाखवला आणि म्हणाला, आता तरी ट्रक काढा. मी म्हटलं, कागद बघितला, गाडी बघू दे. काल सकाळी चाकं चढवून ठेवली, पण जागचा हललो नाही. गाडीचा भोंगा वळणावर ऐकला तेव्हा किल्ली फिरवली. बंद पडलेला ट्रक पहिल्याच फेरीत चालू झाला, मुकादमसुद्धा हसला. त्याची टोळी जाताना आमच्याबरोबर दोन ओळी गड्डे भरून गेली.

आता माझे ट्रक शेतातून मालधक्क्यापर्यंत माल आणतात. जवळची फेरी, ड्रायव्हर घरी जेवतात. धंदा बसेल का वाढेल ते हंगाम संपल्यावर कळेल. साहेबाने पुन्हा रुळाला हात लावायचं म्हटलं तर मला आधी कळव. ट्रक जुनाच आहे, कधीही बंद पडू शकतो.

तुला छत्र्यांत बसवलं ते माझ्या भरणीमुळे. ते मी विसरणार नाही.

दोन्ही डबे नीट आलेत का ते बघ, म्हणून हे पत्र सकाळच्या गाडीच्या गार्डाच्या हाती देतोय. मागच्या डब्यात दाराशी उजवीकडे पहिला खोका घरून तुझ्यासाठी आहे, त्यावर खडूने खूण केली आहे. बाकी सगळीकडे हात शिरेल एवढी फट आहे. तो खोका मात्र मी घट्ट भरलाय, बोटही शिरणार नाही. मिळाल्याबरोबर उघड.

दादा